लिथियम-आयन बॅटरीची निगा : शालेय प्रयोगशाळांसाठी काही सूचना

विज्ञानाचे शिक्षण केवळ पाठ्यपुस्तकातून न मिळता प्रत्यक्ष कृतीतून मिळावे, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. केंद्र शासनाच्या नीती आयोगाने २०१६ मध्ये हाती घेतलेल्या अटल नवोन्मेष अभियानातून ठिकठिकाणच्या शाळांत टिंकरिंग प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. तेथे सहावी ते बारावीचे विद्यार्थी छोटे यंत्रमानव आणि जमिनीतील ओलावा मोजणारी उपकरणे स्वतः जोडू लागले आहेत. अशा अनेक उपकरणांचा प्राण म्हणजे पुन्हा पुन्हा प्रभारित करता येणारी लिथियम-आयन बॅटरी. परंतु उन्हाळ्याच्या सुटीनंतर कपाट उघडावे, तर काही बॅटऱ्या निकामी झालेल्या, तर एखादी फुगलेली आढळते. दोष मालाचा मानून नवी खरेदी होते. वास्तविक पुष्कळदा दोष निगेचा असतो.

बॅटरीचे कार्य

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली. तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रभारणाच्या वेळी लिथियमचे आयन धन अग्राकडून ग्राफाइटच्या ऋण अग्रात जाऊन बसतात व वापराच्या वेळी परत येतात. नेहमीच्या घटाचा सरासरी विद्युतदाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो आणि पूर्ण प्रभारित अवस्थेत तो ४.२ व्होल्ट होतो. या ये-जा करण्यात ऋण अग्रावर एक पातळ थर हळूहळू वाढतो व काही लिथियम त्यात कायमचे अडकते. ही झीज अटळ आहे. मात्र अधिक उष्णता व दीर्घकाळ टिकलेला उच्च विद्युतदाब यांमुळे ती झपाट्याने वाढते.

प्रभारण कसे करावे

जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अधूनमधून पूर्ण रिकाम्या कराव्यात, असे सांगितले जाई. तो नियम येथे लागू नाही, उलट तो अपायकारक आहे. विद्युतदाब सुमारे ३ व्होल्टवर आला की वापर थांबवावा. प्रभारक लिथियम-आयनसाठीच बनविलेला असावा. प्रभारणाचा प्रवाह शक्यतो घटाच्या क्षमतेच्या निम्मा ठेवावा, म्हणजे २,००० मिलिअँपिअर-तासांच्या घटास १,००० मिलिअँपिअर. बाजारात सर्रास मिळणारी टीपी ४०५६ ही प्रभारण-पट्टी सामान्यतः १,००० मिलिअँपिअरवर बसविलेली असते. ५०० मिलिअँपिअर-तासांच्या लहान घटास हा प्रवाह फार होतो, म्हणून पट्टीवरील प्रवाह ठरविणारा रोधक बदलून घ्यावा. पूर्ण क्षमतेची गरज नसेल, तर प्रभारण ४.१ व्होल्टवर थांबविल्यास घटाचे आयुष्य लक्षणीय वाढते. लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीच्या घटांचा विद्युतदाब याहून कमी असतो. त्यांना वेगळा प्रभारक लागतो.

सुटीतील साठवण

खरी हानी होते ती सुटीत. उपकरणावरील सूचक दिवा ५ मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल, तर २,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ४०० तासांत, म्हणजे सुमारे सतरा दिवसांत रिकामी होते. संरक्षक परिपथ नसल्यास विद्युतदाब त्यापुढेही घसरत राहतो. अतिशय खाली गेलेल्या घटात ऋण अग्रामागील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. असा घट पुन्हा प्रभारित केल्यास ते तांबे आत साचून लघुपरिपथ होऊ शकतो. म्हणून अशा घटाला पुन्हा जीवदान देण्याचा मोह टाळावा.

यासाठी सुटीपूर्वी प्रत्येक बॅटरी उपकरणातून सोडवावी, ती निम्मी प्रभारित म्हणजे ३.७ ते ३.८ व्होल्टवर ठेवावी आणि अग्रांवर चिकटपट्टी लावावी. पत्र्याच्या छपराखालील बंद खोली टाळावी. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसपर्यंत जातो, हे लक्षात घेऊन इमारतीतील सर्वांत थंड व कोरडी जागा निवडावी. दर दोन-तीन महिन्यांनी मल्टिमीटरने विद्युतदाब तपासावा.

सुरक्षितता व विल्हेवाट

फुगलेला, चेपलेला वा तापणारा घट तत्काळ बाजूस काढावा. तो टोचू, दाबू वा प्रभारित करू नये. जुने व नवे घट एकत्र जोडू नयेत. शिक्षकाच्या अनुपस्थितीत किंवा रात्रभर प्रभारण चालू ठेवू नये. निकामी बॅटऱ्या घरगुती कचऱ्यात टाकणे धोक्याचे आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये त्या वेगळ्या ठेवून संकलन किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे सोपविणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे. ग्रामपंचायतींनी कचरा संकलनात त्यांच्यासाठी स्वतंत्र डबा ठेवल्यास शाळांची अडचण दूर होईल.

जडवस्तू संग्रह नोंदवहीत बॅटऱ्यांची केवळ संख्या लिहून भागत नाही. प्रत्येकीला क्रमांक देऊन खरेदीची तारीख व तपासणीचा विद्युतदाब यांची नोंद विद्यार्थ्यांकडूनच ठेवून घ्यावी. त्यायोगे सार्वजनिक पैशाची बचत होईल, मुले सुरक्षित राहतील आणि मोजमापाची शिस्त हा विज्ञानाचा पहिला धडाही त्यांना आपोआप मिळेल.