कोपीतली थंडी आणि तान्हे मूल

कोल्हापूरची थंडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर रंकाळ्यावरचे धुके, पहाटे तालमीकडे निघालेले पैलवान आणि गुऱ्हाळावरची वाफाळती काहील उभी राहते. डिसेंबर-जानेवारीत इथले रात्रीचे तापमान सरासरी १४-१५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. उत्तर हिंदुस्थानच्या मानाने ही थंडी म्हणजे काहीच नव्हे, असे आपण म्हणतो. पक्क्या घरात वाकळ पांघरून झोपणाऱ्याच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु याच जिल्ह्यात, याच दिवसांत, हजारो कुटुंबे तान्ह्या मुलांना घेऊन उघड्या रानात राहतात. ही कुटुंबे ऊसतोड कामगारांची. मी अशाच एका कुटुंबातला, आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला पहिलाच. शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात वसतिगृहांची जी परंपरा घातली, तिच्यामुळेच आज एका बोर्डिंगात राहून मी शिकतो आहे. पुस्तकात वाचले ते आणि कोपीत पाहिले ते यांची सांगड घालावी, एवढ्यासाठी हा लेख.

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून व मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत इकडेच असतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती फेडायची म्हणून खाडा परवडत नाही. मुलांना गावी सांभाळणारे कोणी नसेल, तर ती बरोबर येतात. बांबूच्या कामट्या, पाचट आणि ताडपत्री यांची दहा-बारा फुटांची कोपी, हेच त्यांचे पाच-सहा महिन्यांचे घर.

तापमापकावरचा आकडा शहराचा असतो. नदीकाठच्या रानातला गारठा वेगळा. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते. गार झालेली हवा जड असल्याने सखल भागात साचते. त्यातून पाटाच्या पाण्याने रान ओले. कोपी उभी असते ती नेमकी अशा जागी.

मोठ्या माणसापेक्षा तान्ह्या मुलाला थंडी अधिक का बाधते? पातेलेभर उकळते पाणी आणि त्यातलेच वाटीभर पाणी शेजारी ठेवले, तर वाटीतले आधी निवते. कारण वजनाच्या मानाने तिचा उघडा पृष्ठभाग जास्त असतो. बाळाचे तसेच आहे. शिवाय त्याचे डोके अंगाच्या मानाने मोठे. आपण गारठलो की कुडकुडतो, आणि त्या कुडकुडण्याने अंगात ऊब तयार होते. नवजात बाळाला नीट कुडकुडताही येत नाही. मानेजवळ व पाठीच्या फऱ्यांमध्ये असलेली एक विशेष तपकिरी चरबी जाळून ते ऊब निर्माण करते. या जळणाला अन्न व प्राणवायू लागतो. म्हणजे गारठ्यात राहणारे मूल प्यालेले दूध ऊब राखण्यातच खर्च करते, आणि मग त्याचे वजन वाढत नाही. बाळाचे तापमान साधारण ३६.५ ते ३७.५ अंश असावे. तापमापक नसला तरी हात पुरतो. पोट आणि तळपाय दोन्ही उबदार असले तर ठीक. पोट उबदार आणि तळपाय गार असले तर बाळाला थंडी बाधते आहे. दोन्ही गार असली तर धोका आहे.

आता कोणी म्हणेल की, या अडाणी लोकांना हे कळत नाही. हा समज चुकीचा आहे. कोपीत जमिनीवर पाचटाचा जाड थर असतो. त्यात हवा अडकते आणि जमिनीचा गारठा वर येत नाही. जुन्या लुगड्यांच्या थरांच्या गोधडीचे तत्त्वही तेच. डोके व पाठ झाकणारी कुंची तर डोक्याच्या मोठेपणाचे उत्तरच आहे. चूक होते ती धुराच्या बाबतीत. दार लावून कोपीत शेकोटी ठेवली, की ऊब मिळते, पण बाळाच्या छातीत धूर जातो, आणि पाचटाला ठिणगीचे भय असते ते वेगळेच.

मग कमी पडते ते काय? कमी पडतो आईचा वेळ. माझी माय पहाटे चारला कोयता घेऊन निघे. उसाच्या पाल्यावर दहिवर असते. घटकाभरात लुगडे खांद्यापासून ओलेचिंब होते. बाळाला पाजायला ती बांधावर येई, तेव्हा जगातली सर्वांत उबदार जागा, आईचा ऊर, ओला आणि गार असे. रात्री ट्रॅक्टर कधी येईल याचा नेम नसे. आला की मोळ्या डोक्यावर घेऊन भरायलाच हवे.

१३ वर्षांपूर्वीची पौषातली अशीच एक रात्र मला आठवते. मी सहा वर्षांचा, आक्का नऊची आणि धाकटी दोन महिन्यांची. मायबाप भरणीला गेले होते. चूल विझली होती. रडणारी धाकटी अचानक गप्प झाली. मला वाटले, झोपली. आक्काने तिच्या पायांना हात लावला. मग ओले कपडे काढून फेकले, तिला उघडीच आपल्या झग्याच्या आत छातीशी धरले आणि वरून गोधडी गुंडाळली. माय परत येईपर्यंत ती तशीच बसून होती. धाकटी वाचली. फार गारठलेले मूल रडत नाही, ते मलूल होऊन गप्प पडते, हे मी पुढे पुस्तकात वाचले.

आक्काने केले त्याला शास्त्रात नावही आहे. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी, काचपेट्या अपुऱ्या पडत म्हणून, कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. तिला 'कांगारू पद्धत' म्हणतात. आज ती जगभर मान्य आहे. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळ उबदार ठेवणे हा त्यातला महत्त्वाचा भाग होता. त्या गावांतील नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ऊब राखायला महाग यंत्रे लागत नाहीत, शिकलेले व मोकळे हात लागतात, हा यातला धडा.

न्यूमोनियाची खूणही प्रत्येकाला माहीत हवी. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

धाकटी वाचली, पण तिला सांभाळण्यासाठी आक्काची शाळा त्या हंगामात जी सुटली ती कायमचीच. धाकटी आज गावाकडच्या हंगामी वसतिगृहात राहून आठवीत शिकते. मी येथे आहे. आक्काचे लग्न तीन वर्षांपूर्वी झाले, आणि या हंगामात ती स्वतः कोयत्यावर आली आहे, कडेवर आठ महिन्यांचा मुलगा घेऊन. परवा तिला मी तळपायांची खूण सांगितली. ती म्हणाली, "कळतं रे मला समदं. पर बघायला थांबू कवा?"

या प्रश्नाचे उत्तर तिच्या एकटीकडे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तीसपेक्षा अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांवर पाळणाघराचे बंधन घातले. १९५१ च्या कायद्याने चहामळ्यांवर घातले. पण कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा व्यवहार मुकादमाशी आणि मुकादमाचा कोयत्याशी, अशी साखळी असल्याने ऊस तोडणारी बाई कारखान्याच्या पटावर येतच नाही. १९७५ पासून अंगणवाडी आहे, पण ती गावात. टोळीचा तळ गावाबाहेर. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी कामाच्या जागीच पाळणाघर सुरू केले. तेच तळावर का होऊ नये? कोरडी जागा, दोन पगारी बाया आणि पाजण्यापुरती आईला सुट्टी, एवढ्यावर त्याची सुरुवात होऊ शकेल.

आपले राष्ट्रीय सेवा योजनेचे श्रमसंस्कार शिबिर दरवर्षी थंडीतच, उसाच्या मुलखातच असते. आपण सात दिवस रस्ते झाडतो, ते चांगलेच आहे. पुढच्या वर्षी त्याबरोबर शेजारच्या तळावरील सहा वर्षांखालील मुलांची यादी करून ती गावच्या अंगणवाडीताईंकडे द्यावी, आणि कारखान्याकडे पाळणाघराची मागणी लेखी करावी, अशी माझी प्राध्यापकांना व मित्रमैत्रिणींना विनंती आहे. यादीतले पहिले नाव मी देईन.