जुन्या जीपचं नवं इंजिन आणि ऑइल चेंबर

चंद्रपूरच्या जुन्या जीपमध्ये पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन बसवताना खालचं ऑइल चेंबर विसरू नका. फोर बाय फोर जीपचा पुढचा ॲक्सल इंजिनच्या पुढच्या भागाखाली असतो. खड्ड्यात स्प्रिंग दबली की तो वर येतो. म्हणून चेंबरचा खोल भाग त्याच्यापासून दूर हवा. ॲक्सलवर ओल्या मातीचा गोळा ठेवून स्प्रिंग पूर्ण दाबा. दबलेल्या मातीची जाडी म्हणजे खरी मोकळी जागा. चेंबर ठोकून उथळ करू नका. तेल कमी मावतं, 45 अंशांच्या उन्हाळ्यात लवकर तापतं. चेंबर बदललंत, तर तेल ओढणारा स्ट्रेनर आणि डिपस्टिकही त्याच मापाचे घ्या. चढ-उतारावर तेल सरकून स्ट्रेनर उघडा पडला, तर बेअरिंग जातात. चेंबरच्या आतली आडवी पट्टी तेल धरून ठेवते. आणि इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्याच.