पित्ताचं अंग, वाताचं अंग

“माझं अंग पित्ताचं, मला चहा सोसत नाही.” “हा वाताचा, कितीही खाऊ घाला, अंगाला लागत नाही.” माता-भगिनींनो, आपल्या घराघरांतली ही बोली फार जुनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात प्रकृतींचे वर्णन तपशिलाने दिले आहे.

वाताचा माणूस किडकिडीत, कातडी कोरडी, चालणे-बोलणे भरभर, थंडी सोसत नाही. पित्ताच्या माणसाला ऊन सोसत नाही, भूक-तहान जास्त, केस लवकर पिकतात. कफाचा माणूस अंगाने भरलेला, सावकाश. त्यांच्या मिश्रणाच्या आणि समान प्रकृती धरून एकूण सात. निरीक्षण बारीक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण माणसे अशा सात खणांत बसतात, हे आधुनिक विज्ञानाने सिद्ध केलेले नाही.

वात-पित्त-कफाची हीच भाषा पाली ग्रंथांतही आहे. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना विचारतो : माणसाच्या वाट्याला येणारे सारे सुखदुःख पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपण काय म्हणता? भगवंतांनी पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, शरीराची हेळसांड आणि बाहेरून झालेला आघात अशी सात कारणे आधी मोजली. कर्म आठवे. सगळेच पूर्वकर्मावर टाकणारे चुकतात, असे स्पष्ट सांगितले. म्हणजे दुखण्याचे कारण शोधायचे असते.

आता कर्माच्या जागी आपण प्रकृतीला बसवले आहे! आमच्या चाळीतल्या एका मावशींना सारखी तहान लागायची, वजन उतरत होते. “अंगच पित्ताचं,” म्हणत त्या वर्षभर सब्जाचे पाणी पीत राहिल्या. पायाची जखम भरेना, तेव्हा लेकीने दवाखान्यात नेले. रक्तात साखर निघाली.

छातीत जळजळ होऊन दरदरून घाम आला, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे सरकले, तर सोडा पिऊन पडून राहू नका. तडक रुग्णालय गाठा. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला ‘कफाची प्रकृती’ म्हणून अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी फुकट होते.

मावशी आता नेमाने गोळ्या घेतात. चहा बिनसाखरेचा. आणि पहिल्या घोटाला अजूनही म्हणतात, “ह्यानं मला पित्त होतं गं.”