स्टुटगार्टहून : कसबाचे शिखर

जर्मनीत सुतार, छप्पर शाकारणारा किंवा वीजतंत्री यांच्या कारकिर्दीचे शिखर म्हणजे ‘माइस्टर’ ही पात्रता असून, ती मिळवणाऱ्याला स्वतःचा धंदा थाटण्याचाच नव्हे, तर नवे उमेदवार घडवण्याचाही अधिकार मिळतो. हातातली हत्यारे खाली ठेवून खुर्ची मिळवणे म्हणजे बढती, ही समजूत येथे निदान कारागिरीच्या व्यवसायांत पूर्ण रुजू शकलेली नाही, याचे श्रेय मुख्यतः या दुसऱ्या अधिकाराला द्यावे लागते.

या वाटेची पहिली पायरी ‘आउसबिल्डुंग’, म्हणजे दोन ते साडेतीन वर्षांची सवेतन उमेदवारी. तीत आठवड्यातला बराच वेळ कार्यशाळेत आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत जातात. सुतारकामाचा उमेदवार शेवटी एखादे कपाट किंवा मेज स्वतः आखतो, त्याचे नकाशे मंजूर करून घेतो व ठरलेल्या तासांत ते घडवतो, आणि परीक्षक त्याचे खण ओढून, सांधे निरखून गुण देतात. पुढे माइस्टरची परीक्षा चार भागांची असते : प्रत्यक्ष काम, त्यामागील शास्त्र, हिशेब व कायदा, आणि अध्यापन. धंदा थाटण्यासाठी माइस्टर असण्याची अट २००४ साली सरकारने अनेक व्यवसायांतून काढली. परंतु कामाचा दर्जा व प्रशिक्षण यांची चिंता वाढल्याने २०२० मध्ये फरशी बसवण्यासह १२ व्यवसायांत ती पुन्हा लागू झाली.

राष्ट्रीय पात्रता-चौकटीत माइस्टर आणि विद्यापीठाचा पदवीधर एकाच, सहाव्या पायरीवर आहेत. समाजाची नजर मात्र तेवढी समान नाही : बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या शाळा वेगळ्या होतात, सुशिक्षित पालक विद्यापीठाकडे नेणारी ‘गिम्नाझियुम’ ही शाळा निवडतात, आणि उमेदवारीच्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. दहाव्या वर्षी होणारी ही विभागणी या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष मानावा लागेल.

रिकाम्या जागांच्या याच टंचाईमुळे २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने कुशल मनुष्यबळासाठी महाराष्ट्राशी करार केला. तेथून येणाऱ्या आयटीआयच्या मुलांना जर्मन भाषा आणि नोकरी यांच्यापलीकडे, आपल्या प्रमाणपत्राची समकक्षता व माइस्टरच्या परीक्षेपर्यंतची वाट मिळावी, याचा आग्रह महाराष्ट्राने आताच धरला पाहिजे.