तिलवाऱ्याला नेमकं काय ठरलं? एकाच घटनेची अनेक पुस्तकं

जबलपूर सोडून नागपूरच्या रस्त्याला लागलात की थोड्याच वेळात नर्मदा आडवी येते. हाच तिलवारा घाट. संक्रांतीला इथे मोठा मेळा भरतो. १९४८ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या अस्थी याच घाटावर विसर्जित झाल्या, त्याचं स्मारकही इथे आहे. पुलावरून जाताना आपण बहुतेक जण नदीकडे बघून हात जोडतो आणि पुढे निघतो.

पण पुढच्या वेळी दोन मिनिटं थांबा. मार्च १९३९ मध्ये या परिसरात तंबू-राहुट्यांचं एक अख्खं शहर उभं राहिलं होतं. त्याचं नाव विष्णुदत्त नगर. काँग्रेसचं बावन्नावं अधिवेशन इथे भरलं आणि जवळच्या प्राचीन राजधानीच्या नावावरून ते ‘त्रिपुरी काँग्रेस’ म्हणून ओळखलं गेलं. बावन्नावं म्हणून मिरवणुकीला बावन्न हत्ती. शहरातलं कमानिया गेट तुम्ही पाहिलं असेल, तेही याच अधिवेशनाची आठवण.

मिरवणुकीत अध्यक्ष मात्र नव्हते, त्यांची तसबीर होती. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेले होते. त्यांना स्ट्रेचरवरून आणावं लागलं, आणि त्यांचं भाषण त्यांचे थोरले बंधू शरदचंद्र यांनी वाचून दाखवलं.

त्या चार दिवसांत इथे जे घडलं त्यावर किती पुस्तकं निघाली! आणि गंमत म्हणजे, एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. सत्तेच्या आतल्या गोष्टी, बंद दाराआडचे निर्णय आणि कसोटीच्या वेळी संस्था कशी वागते, याबद्दल वाचायची आवड असेल तर परदेशी थरारकथा थोड्या बाजूला ठेवा. आपल्या जबलपूरपासून सुरुवात करता येते.

आधी घटना थोडक्यात सांगते. २९ जानेवारी १९३९ ला काँग्रेस अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एरवी नाव आधीच ठरायचं. या वेळी सुभाषबाबू दुसऱ्यांदा उभे राहिले. मौलाना आझादांनी माघार घेतल्यावर समोर पट्टाभी सीतारामय्या होते, त्यांना ज्येष्ठ नेत्यांचा आणि गांधीजींचा पाठिंबा. सुभाषबाबूंना १५८० मतं मिळाली, पट्टाभींना १३७७. हा पराभव पट्टाभींपेक्षा माझाच जास्त आहे, अशा अर्थाचं निवेदन गांधीजींनी काढलं. झालं! जिंकलेला अध्यक्ष एका दिवसात अडचणीत आला.

२२ फेब्रुवारीला कार्यकारिणीतल्या बारा जणांनी राजीनामे दिले. वल्लभभाई, राजेंद्रबाबू होते, तसे आपले शंकरराव देव आणि वर्ध्याचे जमनालाल बजाजही त्यात होते. नेहरूंनी आपलं वेगळं निवेदन काढलं. मग त्रिपुरीला गोविंद वल्लभ पंतांचा ठराव आला: नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. काँग्रेसच्या घटनेप्रमाणे कार्यकारिणी नेमण्याचा अधिकार अध्यक्षाचा. ठराव मंजूर झाला आणि तो अधिकार अध्यक्षाच्या हातातून निसटला. त्या वेळी गांधीजी त्रिपुरीत नव्हते. ते राजकोटला होते, नुकतंच उपोषण सोडून.

या सगळ्याच्या मुळाशी एक गुपित होतं, किंवा गुपिताचा संशय. इंग्रजांच्या संघराज्य योजनेबाबत काँग्रेसमधले काही ज्येष्ठ आतून तडजोड करायला तयार आहेत, असं निवडणुकीच्या काळात सुभाषबाबूंनी सूचित केलं होतं. पुरावा पुढे ठेवला नव्हता. ज्येष्ठांना ती आपल्या सचोटीवरची चिखलफेक वाटली. पंतांच्या ठरावात जुन्या कार्यकारिणीवर विश्वास दाखवून या आरोपांबद्दल खेदही व्यक्त केला होता. म्हणजे एका बाजूला निवडून आलेल्या माणसाचा हक्क, दुसऱ्या बाजूला विनापुरावा आरोप झालेल्यांची अब्रू. कोणाचं बरोबर? मला विचाराल तर ठराव अन्यायाचा होता. पण आरोपही असा हवेत सोडायला नको होता.

आता पुस्तकांकडे वळू.

सगळ्यात आधी वाचा जवाहरलाल नेहरूंचं ‘अ बंच ऑफ ओल्ड लेटर्स’. १९५८ मध्ये निघालेलं हे पुस्तक म्हणजे नेहरूंना आलेल्या आणि त्यांनी जपून ठेवलेल्या पत्रांचा संग्रह, त्यांची स्वतःचीही काही पत्रं त्यात आहेत. त्यातच २८ मार्च १९३९ चं सुभाषबाबूंचं पत्र सापडतं. त्रिपुरीहून निघून धनबादजवळच्या कोळसापट्ट्यात विश्रांती घेत असताना त्यांनी ते लिहिलं. लांबलचक पत्र आहे. त्यात त्यांनी नेहरूंना अक्षरशः सोलून काढलंय. तुम्ही नेमके कोणाच्या बाजूला आहात, व्यक्तीपेक्षा तत्त्व मोठं म्हणता आणि माझ्याच बाबतीत ते का विसरता, असा सगळा जाब. नेहरूंचं ३ एप्रिलचं उत्तरही त्याच पुस्तकात आहे. ते शांत आहे, काही ठिकाणी स्वतःचे दोष मान्य करणारं आहे, आणि काही प्रश्नांना बगल देणारंही.

हे पुस्तक छापलं तेव्हा नेहरू देशाचे पंतप्रधान होते. सुभाषबाबू जगात नव्हते. कपाटातलं ते पत्र कपाटातच राहिलं असतं तर कोणाला कळणार होतं? तरी त्यांनी ते छापलं. नेहरूंबद्दल तुमचं मत काहीही असो, सत्तेवर असलेल्या माणसाने स्वतःविरुद्धचा कागद असा स्वतःच्या हाताने लोकांसमोर ठेवल्याची उदाहरणं मला फारशी आठवत नाहीत.

दुसरं पुस्तक ‘क्रॉसरोड्स’. सुभाषबाबूंची १९३८ ते १९४० या काळातली भाषणं, लेख आणि पत्रं १९६२ मध्ये एकत्र छापली गेली. गांधीजी आणि ते यांच्यात मार्च-एप्रिल १९३९ मध्ये झालेला पत्रव्यवहार आणि तारा यात आहेत. तो वाचताना जीव अडकतो. सुभाषबाबू विचारतात, ठराव तुमच्या इच्छेनुसार कार्यकारिणी नेमा म्हणतो, तर तुमची इच्छा सांगा. गांधीजी म्हणतात, मी नावं सुचवणं म्हणजे तुमच्यावर लादणं होईल, तुमच्या विचारांची माणसं घेऊन तुम्हीच कार्यकारिणी करा. आणि मग एका पत्रात ते हेही लिहितात की पंतांचा ठराव जितका वाचतो तितका तो मला नावडतो!

ज्यांच्या नावाने ठराव झाला त्यांनाच तो पसंत नव्हता. अध्यक्षाला तो पाळता येईना आणि मोडताही येईना. २९ एप्रिलला कलकत्त्यात सुभाषबाबूंनी राजीनामा दिला, राजेंद्रबाबू अध्यक्ष झाले. ३ मे रोजी फॉरवर्ड ब्लॉकची घोषणा झाली.

याच काळात सुभाषबाबूंनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात स्वतःच्या आजारपणावर एक लेख लिहिला. इतका आजारी माणूस, पण त्रिपुरीत अनेकांना वाटत होतं की हे सोंग आहे. हे त्यांना फार लागलं. त्याच लेखात ते सांगतात की देशभरातून अनोळखी लोकांनी औषधं, ताईत, देवाचा प्रसाद पाठवला. तुमच्यावर कोणीतरी तांत्रिक प्रयोग केलाय, असंही काहींनी कळवलं. राजकारणाची पार शिसारी आली होती, पण या लोकांच्या मायेने ती हळूहळू उतरली, असा त्या लेखाचा सूर आहे. घरातल्या मोठ्या मुलांना वाचून दाखवावा असा लेख आहे. पाठ्यपुस्तकातले नेताजी गणवेशात ताठ उभे असतात, इथे ते अंथरुणावर पडून छताकडे बघणारे भेटतात.

आता एक मजेशीर गोष्ट. काँग्रेसचा अधिकृत वाटावा असा मोठा इतिहास कोणी लिहिला? निवडणूक हरलेल्या पट्टाभी सीतारामय्यांनीच! पहिला खंड १९३५ चा, दुसरा १९४७ चा. त्रिपुरीचा काळ दुसऱ्या खंडात येतो. हरलेल्या उमेदवाराने लिहिलेला निकालाचा इतिहास म्हणून तो जरूर चाळा. हेच पट्टाभी पुढे १९५२ ते १९५७ मध्य प्रदेशाचे राज्यपाल होते, म्हणजे तिलवारा त्यांच्याच राज्यात.

मराठी वाचकाने मात्र इथे थोडं मागे, नागपूरला जायला हवं. तेव्हा जबलपूर आणि नागपूर एकाच मध्य प्रांत-वऱ्हाडात होते. प्रांताचे पंतप्रधान होते डॉ. नारायण भास्कर खरे. (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत.) मंत्रिमंडळात मराठी भागातले आणि महाकोशलातले असे दोन गट, त्यांचं जमेना. जुलै १९३८ मध्ये डॉ. खरे यांनी राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांनाही द्यायला सांगितलं. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता या तिघांनी नकार दिला. राज्यपालांनी तिघांना काढलं, डॉ. खरे यांनी नवं मंत्रिमंडळ केलं. दोन-तीन दिवसांत पक्षश्रेष्ठींनी त्यांना खाली उतरवलं आणि शुक्ल पंतप्रधान झाले. काँग्रेसमध्ये जबाबदारीच्या पदाला डॉ. खरे अपात्र आहेत, असा ठरावही कार्यकारिणीने केला.

त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष कोण होते? सुभाषचंद्र बोसच. त्यांनी श्रेष्ठींच्या निर्णयाचं जाहीर समर्थन केलं. आठ महिन्यांनी तीच शिस्त तिलवाऱ्याच्या काठावर त्यांच्या वाट्याला आली.

डॉ. खरे यांचं आत्मकथन १९५९ मध्ये इंग्रजीत आलं, ‘माय पोलिटिकल मेमॉयर्स’ या नावाने. द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या ‘लिव्हिंग ॲन इरा’ या आठवणींचा पहिला खंड १९७५ चा. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. एकाला ज्यात कट दिसतो त्यात दुसऱ्याला शिस्त दिसते. वाचताना एवढं लक्षात ठेवा की लिहायला बसले तेव्हा हे दोघे कुठे पोचले होते. डॉ. खरे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसून, अलवर संस्थानचे दिवाण होऊन आणि हिंदुमहासभेचं अध्यक्षपद भूषवून आलेले. मिश्र मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री होऊन गेलेले. दोघांच्याही मनात जुना हिशेब होताच.

आणि तिसरा साक्षीदार हवा असेल तर बाबासाहेब आंबेडकर. काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केलं यावरच्या त्यांच्या १९४५ च्या पुस्तकात या प्रकरणाचा उल्लेख आहे. डॉ. खरे यांच्या त्या अल्पजीवी मंत्रिमंडळात अग्निभोज हे दलित मंत्री होते. गांधीजींना ते रुचलं नाही, असा डॉ. खरे यांचा दावा. बाबासाहेबांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. दोन गटांच्या भांडणात ज्यांचं नावही कोणी घेत नव्हतं, ते माणूस म्हणून इथे पहिल्यांदा समोर येतात.

पूर्ण लपवून ठेवलेल्या पानांचं उदाहरणही याच मंडळींत आहे. मौलाना आझादांचं ‘इंडिया विन्स फ्रीडम’ १९५९ मध्ये निघालं, पण सुमारे तीस पानं तीस वर्षांसाठी मोहोरबंद करून कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवली होती. १९८८ मध्ये ती उघडली. लोकांनी श्वास रोखून वाट पाहिली होती. निघालं काय, तर बहुतेक ठिकाणी सहकाऱ्यांबद्दलची जरा कडक वाक्यं. आधी छापलेल्या आवृत्तीत ती मऊ केली होती.

एवढी जाडजूड इंग्रजी पुस्तकं बघून घरातल्यांनी तोंड फिरवलं तर अरुण साधूंकडे वळा. ‘मुंबई दिनांक’ १९७३ ची, ‘सिंहासन’ १९७७ ची. डळमळीत झालेला मुख्यमंत्री, त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला अर्थमंत्री, सगळं कळणारा आणि काहीच करू न शकणारा पत्रकार दिगू टिपणीस. या दोन्ही कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये ‘सिंहासन’ चित्रपट केला. अरुण सरनाईक, डॉ. श्रीराम लागू आणि दिगूच्या भूमिकेत निळू फुले. आजी-आजोबांनी थिएटरात पाहिलेला असेल, नातवंडांना बरोबर घेऊन पुन्हा बघता येईल. कादंबरीकाराची एक सोय असते. आत्मचरित्र लिहिणारा स्वतःला वाचवत असतो, साधूंना कोणालाच वाचवायचं नव्हतं. म्हणून बैठकीच्या आधी कोण कोणाला फोन करतो, कोण अचानक आजारी पडतो, हे तिथे जास्त उघडं दिसतं. आपल्या गणेश मंडळाच्या किंवा सोसायटीच्या सभेतही ते दिसतं म्हणा, फक्त तिथे कोणी लिहून ठेवत नाही.

कुठून सुरुवात करावी म्हणाल, तर २८ मार्चचं सुभाषबाबूंचं पत्र आणि ३ एप्रिलचं नेहरूंचं उत्तर, दोन्ही एका बैठकीत. घरात दोघं असतील तर एकाने एक वाचावं, दुसऱ्याने दुसरं. चहा जरा जास्तच टाका, वाद लांबतो.