चित्रकला शिकताय? आधी तांब्या काढा

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी महाड-पोलादपूरची बरीच मुलं थेट रंगांकडे धावतात. पण कला संचालनालयाच्या या परीक्षांत वस्तुचित्राचा पेपर उगाच नाही!

तांब्या समोर ठेवा. मधोमध फिकट उभी रेघ ओढा. हात ताठ धरून पेन्सिलीने उंची-रुंदीचं प्रमाण मोजा. मग काठाचा लंबगोल. डोळ्यांच्या पातळीवर तो नुसत्या रेघेसारखा दिसतो, खाली जाईल तसा फुगतो. म्हणून बुडाची कड काठापेक्षा जास्त गोलाकार हवी. बहुतेक जण ती सपाट काढतात आणि तांब्या टेबलावर बसतच नाही. लंबगोलाच्या टोकांना कोपरेही नकोत.

हात बसला की महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांवर चला. ओळीतले खांब एका बाजूने पाहिले की लांबचे खांब लहान आणि दाटीने दिसतात. हेच यथार्थदर्शन; ते समजायला याहून चांगली जागा नाही. पोलादपूरकरांना सावित्री नदीचा काठ आहेच: तिथे जवळचा डोंगर गडद दिसतो, मागचा फिकट.

पालकांनो, महागड्या रंगपेटीची घाई नको. सध्या एक पेन्सिल, एक वही आणि रोजचा अर्धा तास द्या.