कायनेसिनची चाळिशी

कायनेसिनच्या शोधाला २०२५ साली चाळीस वर्षं झाली. कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. भलंमोठं गाठोडं ओढत डुलत चालणाऱ्या या प्रथिनाची चित्रफीत मात्र घरोघरच्या ग्रुपवर फिरते, खाली ‘निसर्गाचा चमत्कार’ असं लिहून. पेशीत चाल इतकी ऐटबाज नसते. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी धक्के देत असतात.

आधीची वर्षं भराभर उरकतो. १९६५ मध्ये पेशीची रोमकं हलवणाऱ्या डायनिन या प्रथिनाचं बारसं झालं, १९७४ मध्ये पेशीची अंतर्रचना उलगडणाऱ्या जॉर्ज पलाडे यांना नोबेल मिळालं. आमच्या वर्गात यातलं फारसं पोचलं नाही. पेशीतला माल ‘आपोआप पसरतो’ असं सांगून एक प्राध्यापक मोकळे होत. कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जवळजवळ मीटरभर लांबीचा चेतातंतू असतो. तेवढं अंतर नुसतं पसरत जायला प्रथिनाला शतकं लागतील. प्रत्यक्षात जलद माल दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जातो.

खरी धमाल ऐंशीच्या दशकातली. रॉबर्ट अ‍ॅलन यांनी सूक्ष्मदर्शकाला व्हिडिओ कॅमेरा जोडला आणि माकुळाच्या जाडजूड चेतातंतूतली वर्दळ पडद्यावर दिसू लागली. तंतूतला ऐवज पिळून बाहेर काढला तरी ती तासन्‌तास थांबेना! स्टॅनफर्डचा विद्यार्थी रोनाल्ड व्हेल आणि मायकेल शीट्झ यांना वाटलं, स्नायूतलं मायोसिनच हे करत असणार. एल निन्योमुळे कॅलिफोर्नियात माकूळ मिळेना, म्हणून ते पूर्व किनाऱ्यावर वुड्स होलला गेले. तिथे मायोसिनचा तर्क कोसळला. माल धावत होता सूक्ष्मनलिकांवरून, आणि ओढणारं प्रथिन निराळंच निघालं. थॉमस रीझ यांच्यासह त्यांनी १९८५ मध्ये त्याला कायनेसिन म्हटलं. दोन वर्षांत पेशीच्या आत माल उलट्या दिशेने ओढणारं डायनिनही हाती आलं. १९९३ मध्ये लेझरच्या चिमट्यात धरून कायनेसिनचं पाऊल मोजलं गेलं, ८ नॅनोमीटर.

पुढचं काम मुंबईतही झालं. एकटं डायनिन दुबळं, पण जमावाने ओढताना ते कायनेसिनपेक्षा सरस ठरतं, हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी पेशीतल्या वाहतुकीचं नोबेल रॉथमन, शेकमन आणि स्युडहोफ यांना मिळालं. ते योग्यच होतं, पण मान पुड्या बांधणाऱ्यांचा झाला, हमाल दाराबाहेरच राहिले. व्हेल, शीट्झ आणि मायोसिनवर काम करणारे स्पुडिच यांना आदल्या वर्षी लास्कर पुरस्कार मिळाला होता. नोबेल समितीने २०२५ पर्यंत तरी त्यांची दखल घेतलेली नाही, आणि हा अन्याय आहे.